उद्यावर टाकलेला हिशेब : जनरल मोटर्सचे दिवाळे आणि त्याची मुळे

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीने न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल केला, तेव्हा तिची मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर आणि देणी सुमारे १७३ अब्ज डॉलर होती. कारखानदारीतील एवढ्या मोठ्या कंपनीने अमेरिकेत त्यापूर्वी कधी दिवाळे काढले नव्हते. या घटनेचे खापर बहुधा २००८ च्या आर्थिक अरिष्टावर फोडले जाते. परंतु अरिष्टाने केवळ वसुलीची तारीख अलीकडे आणली, देणी मात्र जवळजवळ साठ वर्षे साचत आली होती आणि त्यांतील बरीचशी कंपनीच्या ऐन भरभराटीच्या काळात पत्करलेली होती.

विल्यम ड्युरंट यांनी १९०८ साली मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे ही कंपनी स्थापन केली, ती स्वतः मोटारी बनवण्यासाठी नव्हे, तर मोटारी बनवणाऱ्या इतर कंपन्यांचे भाग खरेदी करून त्यांच्यावर मालकी ठेवणारी धारक कंपनी म्हणून. ब्यूक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक अशा कंपन्या ड्युरंट यांनी कर्ज काढून झपाट्याने गोळा केल्या आणि त्या कर्जापायीच १९१० मध्ये व एकदा परतल्यानंतर पुन्हा १९२० मध्ये कंपनीवरील ताबा गमावला. या पसाऱ्याला शिस्त लावली ती १९२३ मध्ये अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी. प्रत्येक विभागाला आपली गाडी आखण्याची व विकण्याची मोकळीक, पण पैशाच्या नाड्या मात्र मुख्यालयाच्या हाती, ही त्यांची रचना होती. आणि शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतीची अशी चढती श्रेणी त्यांनी लावली, की ग्राहकाची कमाई वाढत गेली तरी तो याच कंपनीच्या पुढच्या पायरीवर जावा. १९१९ पासून कंपनीची स्वतःची वित्तसंस्थाही हप्त्यावर गाडी घेण्यासाठी कर्ज देत होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या या एकाच कंपनीच्या होत्या, आणि सरकार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आपले तुकडे करील की काय, ही तिच्या संचालकांची त्या काळातील एक खरी चिंता होती.

याच ऐश्वर्याच्या दिवसांत, १९५० साली, मोटार कामगार संघटनेचे नेते वॉल्टर र्यूथर यांच्याशी कंपनीने पाच वर्षांचा करार केला, जो पुढे ‘डेट्रॉइटचा तह’ या नावाने ओळखला गेला. त्यात महागाईनुसार वेतनवाढ, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्यातील वाटा या गोष्टी होत्या, आणि त्यांच्या मोबदल्यात पाच वर्षे संपाची धास्ती राहणार नव्हती. म्हातारपणाची व आजारपणाची तरतूद सरकारनेच सर्वांसाठी करावी, असा र्यूथर यांचा आग्रह असे. पण अमेरिकी राजकारणात तो पुरा होण्याजोगा नसल्याने ती जबाबदारी एकेका कंपनीच्या गळ्यात पडली. व्यवस्थापनालाही ही सोय गैर वाटली नाही, कारण आज वेतन वाढवले तर आजचा नफा घटतो, निवृत्तिवेतन वाढवले तर तो भार पुढच्या पिढीतील व्यवस्थापकावर पडतो. कामगार तरुण होते, निवृत्त थोडे होते, आणि बाजार कायम वाढत राहील हे गृहीत धरलेले होते. त्यानंतरच्या वाटाघाटींत हीच युक्ती पुन्हापुन्हा वापरली गेली. हिशेबाची रीतही तिला अनुकूल होती : निवृत्तांच्या आरोग्यावर पुढे होणारा खर्च ताळेबंदात दाखवावाच लागत नसे, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी तेवढेच खर्ची पडत. हा नियम बदलला आणि साचलेले देणे एकदम कागदावर आले, तेव्हा मुख्यत्वे त्याच कारणाने १९९२ चा तोटा २३.५ अब्ज डॉलरवर गेला. त्या दिवशी कंपनी अधिक गरीब झाली नव्हती. ती किती गरीब आहे एवढेच भागधारकांना कळले.

बाजारही गृहीतकाप्रमाणे वागला नाही. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनंतर कमी इंधन खाणाऱ्या जपानी गाड्यांनी पाय रोवले, तर जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या नावांच्या गाड्या पत्रा व बिल्ला सोडला तर एकसारख्या होत गेल्याने स्लोन यांची श्रेणीच पुसट झाली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे टोयोटाबरोबर भागीदारीत चालवलेल्या कारखान्यात, बव्हंशी जुन्याच कामगारांकडून, उत्तम गाड्या बनू लागल्या. दोष कामगारांत नव्हे, कामाच्या पद्धतीत होता, याचा इतका सरळ पुरावा घरात असूनही उरलेल्या कारखान्यांत तो धडा वेळेवर पोहोचला नाही. त्याच सुमारास अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी यंत्रमानवांवर आणि संगणक व विमानविद्येतील कंपन्यांच्या खरेदीवर अब्जावधी डॉलर खर्च केले.

तरीही कंपनी तगली, याचे एक कारण कोंबडीच्या मांसावरून झालेल्या व्यापारी भांडणात दडलेले आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून १९६४ पासून अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के जकात लावली. भांडण विस्मरणात गेले, जकात उरली. आणि तिच्या आडोशाला पिकअप ट्रक व पुढे त्याच सांगाड्यावरच्या अवजड एसयूव्ही हा डेट्रॉइटचा घसघशीत नफ्याचा धंदा बनला. छोट्या गाडीतून नफा काढण्याची निकड त्यामुळे भासलीच नाही, आणि सगळा डोलारा स्वस्त पेट्रोलवर उभा राहिला.

२००५ च्या सुमारास कामगार, निवृत्त आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे ११ लाख लोकांचा आरोग्यखर्च ही कंपनी उचलत होती, आणि प्रत्येक गाडीमागे तो सुमारे १,५०० डॉलर पडत होता. सरकारी आरोग्यव्यवस्था असलेल्या देशांतील प्रतिस्पर्ध्यांना असे ओझे नव्हते. कारखाने बंद ठेवले तरी ही देणी थांबत नसल्याने बिनव्याजी कर्ज आणि सवलती देऊन गाड्या खपवण्याचा मार्ग पत्करला गेला. त्यातच फियाटबरोबरच्या करारातून सुटण्यासाठी २ अब्ज डॉलर मोजावे लागले, सुट्या भागांची पूर्वाश्रमीची शाखा डेल्फाय दिवाळखोरीत गेली, आणि नफा देणाऱ्या वित्तसंस्थेतील ५१ टक्के हिस्सा विकावा लागला. २००८ मध्ये पेट्रोल भडकले, पाठोपाठ कर्जपुरवठा आटला, आणि त्या वर्षीचा तोटा ३०.९ अब्ज डॉलर झाला.

राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दिलेल्या तातडीच्या कर्जावर तो हिवाळा निभावला. ओबामा सरकारने प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला लावून पुनर्रचना हाती घेतली. दिवाळखोरी कायद्यातील ३६३ व्या कलमानुसार न्यायालयाच्या संमतीने मालमत्ता विकता येते. त्याचा आधार घेऊन चांगले कारखाने व नावे सरकारी पैशावर उभारलेल्या नव्या कंपनीला विकली गेली, बंद कारखाने आणि बरीच जुनी देणी जुन्या कंपनीत मागे ठेवली गेली, आणि हे सारे ४० दिवसांत उरकले. नव्या कंपनीत सुमारे ६१ टक्के मालकी अमेरिकी सरकारची, साडेसतरा टक्के निवृत्तांच्या आरोग्यनिधीची, तर रोखेधारकांच्या वाट्याला १० टक्के आली. जुन्या भागधारकांना काहीच मिळाले नाही. रोखेधारकांपेक्षा कामगारांचा निधी वरचढ ठरला, ही टीका निराधार नाही, पण कामगारांविना गाड्या बनणार नव्हत्या आणि रोखेधारकांविना बनू शकत होत्या, हे उघड गणित त्यामागे होते. पाँटिअॅक, सॅटर्न आणि हमर ही नावे बंद झाली. सरकारने घातलेल्या सुमारे ४९.५ अब्ज डॉलरपैकी ११ अब्जांच्या आसपास रक्कम डिसेंबर २०१३ पर्यंत बुडीत निघाली.

वाचलेल्या कंपनीचे धोरण उलट्या दिशेने गेले : आकारापेक्षा परतावा महत्त्वाचा मानून २०१७ मध्ये तिने युरोपातील ओपेल विकली आणि त्याच वर्षाअखेर भारतातील विक्री थांबवली. १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत गाड्यांची जुळणी केलेल्या या कंपनीच्या पुण्याजवळील तळेगाव येथील कारखान्याचे उद्घाटन सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे अमेरिकी गुंतवणूक बँक लेहमन ब्रदर्स कोसळली त्याच महिन्यात, झाले होते. विक्री थांबल्यावर तेथून निर्यातीपुरते उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चालले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी ठरलेला विक्रीचा व्यवहार, शेजारी देशांतील गुंतवणुकीस केंद्राची पूर्वमंजुरी आवश्यक करणाऱ्या २०२० च्या नियमामुळे अडला आणि २०२२ मध्ये मोडला. कामगार संघटनेनेही कारखाना बंद करण्यास आव्हान दिले होते. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला.