वाक्ये शुद्ध, तरीही अर्ज नीरस

नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिताना मराठी माध्यमातून शिकलेला उमेदवार बहुधा सावध पवित्रा घेतो. 'आय ॲम अ कॉमर्स ग्रॅज्युएट. आय नो अकाउंटिंग. आय हॅव नो एक्स्पीरियन्स. आय लर्न क्विकली.' चारही वाक्ये शुद्ध आहेत. मात्र सगळीच केवल वाक्ये असल्याने प्रत्येक माहितीला सारखेच वजन मिळते आणि अनुभवाचा अभावही गुणांच्या रांगेत येऊन बसतो.

वास्तविक केवल, संयुक्त आणि मिश्र हे वाक्यप्रकार शाळेतच शिकवले जातात. परीक्षेत वाक्यरूपांतराचे प्रश्नही सुटतात. पण तेथे अर्थ न बदलता रूप बदलायचे असते. रूपाबरोबर भरही बदलतो, याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. 'अँड' किंवा 'बट'ने जोडलेले संयुक्त वाक्य दोन्ही बाजूंना बरोबरीचा मान देते. मिश्र वाक्याचे तसे नाही. 'ऑल्दो आय लर्न क्विकली, आय हॅव नो एक्स्पीरियन्स' असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या मनात उणीव राहते. 'ऑल्दो आय हॅव नो एक्स्पीरियन्स, आय लर्न क्विकली' असे लिहिले, तर उमेद राहते. माहिती तीच, प्रधान वाक्याची जागा कोणाला द्यायची, एवढाच निर्णय वेगळा.

येथे मराठीची सवय आडवी येते. 'जरी' आले की 'तरी' हवेच, म्हणून 'ऑल्दो'च्या जोडीला 'बट' लिहिले जाते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरते. 'ऊन' प्रत्यय तर अधिक फसवा. 'नोकरी सोडून दोन वर्षे झाली' हे अस्सल मराठी वाक्य. पण 'लीव्हिंग द जॉब, टू इयर्स पास्ड' असे लिहिताच इंग्रजी वाचकाला नोकरी जणू त्या दोन वर्षांनीच सोडल्यासारखे वाटते!

मिश्र वाक्ये जमू लागली की दुसरे टोक गाठले जाते. 'व्हिच', 'दॅट', 'व्हाइल' यांची साखळी लांबत जाते आणि कर्ता कोठे राहिला, हे शोधावे लागते. केवल वाक्य टाकाऊ नाही. त्याला योग्य जागा हवी. शिक्षण आणि उमेद सांगणाऱ्या दोन लांब वाक्यांनंतर अर्जाच्या शेवटी आलेले 'आय कॅन जॉइन ऑन मंडे' हे पाच शब्दांचे वाक्य आखूड असल्यामुळेच ठसते.