जुन्या जीपच्या पुढील चाकांची जुळणी घरच्या घरी

नवा टायर जोडून एक वर्षही उलटत नाही, तोच त्याची एक कड झिजून गुळगुळीत व्हावी आणि दुसऱ्या कडेवरील नक्षी मात्र शाबूत राहावी, असा अनुभव जुनी जीप बाळगणाऱ्या अनेक शेतकऱ्यांस येतो. दोष बहुधा रस्त्याला दिला जातो, नाही तर टायरला. वास्तविक अशा वेळी बहुतेकदा पुढील दोन चाकांची दिशा बिघडलेली असते, आणि ती तपासण्यास सुतळी, खडू, गवंड्याचा ओळंबा व एक मोजपट्टी एवढे साहित्य पुरेसे होते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जोडणी होऊ लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाल्यानंतर हीच गाडी गटविकास अधिकाऱ्याची गाडी म्हणून खेडोपाडी ओळखीची झाली. त्या घडणीच्या गाड्या आजही काही शेतांवर काम देत आहेत. त्यांचा पुढचा आस अखंड असतो. चाकाचा कल व किंगपिनचा तिरपेपणा कारखान्यातच ठरलेला असतो; घरी कमीजास्त करता येण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे टो-इन.

वरून पाहिले असता दोन्ही चाके पुढच्या बाजूस किंचित जवळ आणि मागच्या बाजूस किंचित दूर असावी लागतात. या फरकास टो-इन म्हणतात. विलीज जीपसाठी हा फरक ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर ठेवावा, असे माप आहे. गाडी चालू लागली की रस्त्याच्या अवरोधामुळे पुढील चाके बाहेर फाकू पाहतात. आधीच थोडी आत वळवलेली असल्यास चालताना ती सरळ होतात. जोडीतले बैल एकमेकांपासून फाकून चालू लागले म्हणजे गाडीवानाचे काय हाल होतात, हे वाचकांस सांगावयास नको.

हे माप क्षुल्लक वाटते, म्हणून थोडा हिशेब करून पाहू. टायरचा व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर धरला आणि जुळणीत ६ मिलिमीटरची चूक असली, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर आडवे ओढले जाते. बाजाराच्या गावी जाऊन येण्यास २० किलोमीटर पडत असतील, तर एका खेपेत टायर ८० मीटरांहून अधिक आडवा घासला जातो.

टायरवरून तळहात फिरवला तरी दोष पुष्कळसा कळतो. बाहेरून आत हात गुळगुळीत सरकतो आणि आतून बाहेर फिरवताना नक्षीच्या कडा बोचतात, तर टो-इन जास्त आहे. उलट अनुभव आल्यास चाके फाकलेली आहेत. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असल्यास हवा कमी राहते, केवळ मधला भाग झिजल्यास ती जास्त भरली जाते. त्यास जुळणीचा इलाज नाही.

मापण्यापूर्वी ढिलाई शोधणे अत्यावश्यक आहे. हे काम टाळून केलेली जुळणी आठवडाभरही टिकत नाही, आणि घरी जुळणी साधत नाही अशी तक्रार करणाऱ्यांची चूक बहुधा येथेच असते. मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, पुढचा आस जॅकने उचलावा आणि त्याखाली जाड लाकडी ओंडका द्यावा. विटांच्या चळतीवर गाडी कदापि ठेवू नये. वीट फुटते व माणूस दबतो. नंतर चाक वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगावे. खेळ नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. कायम राहिला तर किंगपिन झिजला आहे. चाक डावीकडे व उजवीकडे धरून हलवल्यास टायरॉडच्या टोकांची ढिलाई समजते. झिजलेला भाग बदलल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता दोन्ही टायरांत सारखी हवा भरावी. पुढील चाकांचा ड्राइव्ह सोडवून एकेक चाक उचलावे, टायरच्या मध्यभागी खडूचा किंवा चुन्याचा पट्टा ओढावा आणि खिळा ठोकलेली फळी जमिनीवर घट्ट धरून चाक फिरवावे. खिळ्याने एक बारीक रेघ सर्वत्र उमटते. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ खरी धरावी. चाके खाली टेकवून, स्टिअरिंग सरळ ठेवून, गाडी सपाट फरशीवर हाताने दोनतीन मीटर पुढे ढकलावी. मागे ओढू नये, कारण मागे ओढल्याने सांध्यांतील उरलासुरला खेळ उलट दिशेस जातो आणि माप फसवे येते.

आसाच्या उंचीवर टायरचा पुढचा भाग सर्वांत पुढे आलेला असतो. तेथे रेघेला सुतळी टेकवून ओळंबा सोडावा व फरशीवर खूण करावी. तशीच मागच्या बाजूस. दोन्ही चाकांच्या मिळून चार खुणा झाल्या की गाडी बाजूला करावी. पुढील दोन खुणांतील अंतर व मागील दोन खुणांतील अंतर यांतील फरक हेच टो-इन. शिंप्याची कापडी फीत येथे निरुपयोगी आहे, ती ताणली जाते. पोलादी पट्टी नसल्यास सरळ बांबूची काठी पुढील अंतराएवढी कापून ती मागील खुणांवर ठेवावी आणि उरलेली फट फूटपट्टीने मोजावी.

टायरॉडच्या एका टोकास उजवे व दुसऱ्यास डावे आटे असतात. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून पाइप पान्याने टायरॉड पाव फेरा फिरवावा. तो आसाच्या मागे असेल तर लांब केल्याने टो-इन वाढते, पुढे असेल तर कमी होते. प्रत्येक वेळी गाडी पुन्हा पुढे ढकलून माप घ्यावे. दोनदा सारखेच माप आल्याखेरीज काम झाले असे समजू नये. शेवटी क्लॅम्पचे बोल्ट आवळण्यास विसरू नये.

आस वाकला असेल, किंवा माप बरोबर असूनही गाडी एका बाजूस ओढत असेल, तर घरचा उपाय थांबवून तालुक्याच्या कारागिरास दाखवावे. ट्रॅक्टरच्या बाबतीत ग्रामसेवकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पिकाच्या ओळींप्रमाणे पुढील चाकांतील अंतर बदलले की बऱ्याच ट्रॅक्टरांत टो-इनही बदलते. त्याचे माप त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि मापण्याची रीत हीच. जीप असो वा ट्रॅक्टर, शंभरेक किलोमीटर अथवा आठदहा दिवसांचे काम झाल्यावर क्लॅम्पच्या बोल्टांना एकदा पाना लावून पाहावा.