ड्रायव्हर राहू दे बॅगेतच, बॉस!

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जोरदार स्विंग आणि नजरेआड जाणारा बॉल. पण दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी कोर्सवर हा हिरोगिरीचा फंडा चालत नाही!

१८ होल, पार ७२ आणि लांबी साधारण ६९०० यार्ड. आजच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मानानं हा कोर्स आखूडच. मग सोपा? छे! फेअरवे चिंचोळे आणि दोन्ही बाजूंना अशी दाट झुडपं की आत शिरलेला बॉल विसराच. पीटर थॉमसननं १९७०च्या दशकात आणि गॅरी प्लेअरनं २०१९ मध्ये इथं फेरबदल केले, पण झुडपांचा दरारा कायम आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉय इथं खेळायला आला. जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक, त्याच वर्षीचा मास्टर्स विजेता. त्यानं काय केलं? ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी स्टिक, बॅगेतून काढूनच टाकली! इथं लांब मारून फायदा थोडा आणि धोका मोठा, असा त्याचा सरळ हिशेब. अर्थात नुसता ड्रायव्हर सोडून ट्रॉफी मिळत नाही. ती २२ अंडर पार खेळून टॉमी फ्लीटवूडनं नेली.

आपल्यासारख्या वीकएंड गोल्फरसाठी हाच हिशेब आणखी कडक आहे. समजा, होल ३७० यार्डांचं, पार चार. ड्रायव्हरनं २३० यार्ड मारले तर उरले १४०. हायब्रिडनं १९० मारले तर उरले १८०. म्हणजे फायदा फक्त ४० यार्डांचा! आता ड्रायव्हरचा बॉल झुडपात गेला तर? शोधायला ३ मिनिटं मिळतात (२०१९ पूर्वी ५ मिळायची). नाही सापडला की पुन्हा टीवर या, आणि तिथून तुमचा तिसरा स्ट्रोक. पुढचं सगळं नीट जमलं तरी चौथ्यात ग्रीनवर, दोन पट, एकूण सहा. हायब्रिडवाला मात्र दुसऱ्या शॉटला ग्रीनच्या थोडा अलीकडे राहिला, तरी चिप आणि दोन पट धरून पाचात सुटतो. आणि चिप होलजवळ पडली तर चारातच!

खरी गोची असते ती इगोची. सोबतचे तिघं ड्रायव्हर घेऊन उभे असताना आपण छोटी स्टिक काढायची म्हणजे ‘काय रे, घाबरलास?’ हे ऐकावंच लागतं. ऐकून घ्या! स्कोअरकार्डावर शॉटची लांबी कुणी लिहीत नाही.

इथं मेंबरशिपची वेटिंग लिस्ट लांबलचक आहे, पण कुणा मेंबरचे गेस्ट म्हणून जायचा चान्स आला तर सोडू नका. आवारात मुघल काळातला लाल बंगला आहे, झाडीत मोर आहेत. टीवर उभं राहिलात की आधी ग्रीनकडे बघा. दुसरा शॉट कुठून मारायला आवडेल ते ठरवा आणि मगच बॅगेत हात घाला. शिवाय कॅडीला विचारायला लाजू नका. कुठलं झुडूप बॉल गिळतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं!