भरसमुद्रात एकटं असताना मनाचं काय होतं?

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या डोंगराएवढ्या लाटा, वादळं आणि फाटलेली शिडं. हे सगळं खरंच असतं. पण अशा सफरींचा इतिहास वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. काही वेळा होडी शाबूत राहते आणि आतला माणूस मोडतो, तर काही वेळा होडीची मोडतोड होते आणि माणूस मात्र सावरतो. असं का होत असेल?

गोव्याची होडी, चार बंदरं

भारतातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. भारतीयाने भारतात बांधलेल्या होडीतून जगाची फेरी मारावी, हे स्वप्न निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं होतं. ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. वाटेत ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं आणि दक्षिण आफ्रिका इथल्या चार बंदरांत थांबले. तरी १५७ दिवस ते समुद्रावर एकटेच होते.

१५७ दिवस एकटं असणं म्हणजे नेमकं काय? सुकाणू, शिडं, स्वयंपाक, दुरुस्ती, हवामानाचा अंदाज, आजारपण, सगळं एकाच माणसाकडे. चूक झाली तर रागवायला कुणी नाही आणि जमलं तर शाबासकी द्यायलाही कुणी नाही. भांडायलासुद्धा कुणी नाही!

डुलक्यांची झोप आणि भास

सर्वांत आधी हल्ला होतो तो झोपेवर. जहाजांच्या वाटेवर किंवा किनाऱ्याजवळ असताना एकटा खलाशी सलग झोपू शकत नाही. वीस-तीस मिनिटांची डुलकी काढायची, उठून चौफेर नजर टाकायची, पुन्हा आडवं व्हायचं. असं दिवसेंदिवस चाललं की निर्णय चुकू लागतात, चिडचिड वाढते, साधी गाठ मारायलाही वेळ लागतो. काहींना भास होऊ लागतात.

जगाला एकट्याने पहिली फेरी मारणारे जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये बोस्टनहून निघाले आणि १८९८ मध्ये परतले. अझोर्स बेटांजवळ चीज आणि प्लम खाऊन त्यांचं पोट बिघडलं आणि ते खोलीत पडून राहिले. बाहेर पाहतात तर सुकाणूवर एक अनोळखी माणूस उभा! आपण कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या आहोत, असं त्याने सांगितलं. स्लोकम यांनी हा प्रसंग आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहून टाकला. भास झाला म्हणजे माणूस वेडा झाला असं नाही. थकलेलं, आजारी मन सोबत शोधत असतं.

गाझियाबादचा डोनाल्ड

आता आपल्या दिल्ली एनसीआरमधल्या गाझियाबादला येऊ. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरात १९३२ मध्ये डोनाल्ड क्रोहर्स्टचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. स्वातंत्र्यानंतर हे कुटुंब इंग्लंडला गेलं. मोठेपणी डोनाल्डने इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा धंदा सुरू केला, पण तो डबघाईला आला.

१९६८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ ही कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारायची शर्यत जाहीर झाली. डोनाल्डला वाटलं, हीच संधी. त्याने एका व्यावसायिकाकडून पैसे घेऊन होडी बांधली. सफर फसली तर ती होडी त्यालाच विकत घ्यावी लागणार होती, म्हणजे दिवाळं निघणार होतं. निघायचा दिवस आला तेव्हा होडी अर्धवट तयार होती. आदल्या रात्री तो रडला. आपण थांबवावं असं त्याला वाटत होतं, हे त्याच्या पत्नीच्या खूप नंतर लक्षात आलं.

३१ ऑक्टोबर १९६८ रोजी तो निघाला. काही आठवड्यांतच होडीत पाणी शिरू लागलं. दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रात ती टिकणार नाही, हे त्याला कळून चुकलं. पुढे गेलो तर मरण, मागे फिरलो तर कर्ज आणि नाचक्की. त्याने तिसरी वाट धरली. अटलांटिक महासागरातच घुटमळत राहून रेडिओवरून खोट्या जागा कळवायला सुरुवात केली. घरी, वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक होऊ लागलं.

शेवटी हळूच मागून येऊन शर्यत पूर्ण करायची, म्हणजे नोंदवह्या कुणी तपासणार नाही, असा त्याचा बेत होता. पण पुढे असलेला नायजेल टेटली आपला वेग वाढवत राहिला, कारण क्रोहर्स्ट मागून येतोय असं त्याला वाटत होतं. मे १९६९ मध्ये त्याची होडी फुटली. टेटली वाचला, पण आता सर्वांत कमी वेळाचं बक्षीस क्रोहर्स्टच्याच पदरात पडणार होतं. म्हणजे चौकशी अटळ! त्याच्या नोंदवहीत हजारो शब्दांचं भरकटलेलं लेखन सापडतं. शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची आहे. १० जुलैला होडी सापडली, तेव्हा आत कुणीही नव्हतं. मागे पत्नी आणि चार मुलं राहिली.

त्याच शर्यतीतली मुंबईची होडी

त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’तून निघाला होता. वाटेत त्याचा रेडिओ बिघडला आणि कित्येक महिने त्याचा ठावठिकाणा कुणालाच कळत नव्हता. तरीही २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी तो परतला. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच! सफरीच्या आधी आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासलं आणि दोन्ही वेळा त्याचं मन ठणठणीत निघालं. बक्षिसाचे ५ हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

दोघेही एकटेच होते. उलट, सफरीतला मोठा काळ नॉक्स-जॉन्स्टनचा जगाशी संपर्कच नव्हता आणि क्रोहर्स्ट मात्र अधूनमधून घरी संदेश पाठवू शकत होता. मग फरक कुठे पडला? स्वभाव, अनुभव, होडी, पैशांची ओढाताण, हे सगळं वेगळं होतंच. पण आणखी एक फरक होता. नॉक्स-जॉन्स्टनकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. क्रोहर्स्टचा मात्र प्रत्येक संदेश त्याला घरच्यांपासून आणखी दूर नेत होता. बोलणं चालू होतं, पण खरं बोलता येत नव्हतं.

‘मला उठता येत नाही’

५० वर्षांनी, २०१८ मध्ये, ही शर्यत पुन्हा भरली. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून निघाले. ही होडी ‘सुहेली’चीच प्रतिकृती होती. त्याआधी, २०१२-१३ मध्ये, ‘म्हादेई’तून कुठेही न थांबता त्यांनी एकट्याने प्रदक्षिणा केली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला जबर मार लागला. त्यांनी छोट्या लेखी संदेशांतून परिस्थिती जशी होती तशी कळवली. पाठ जायबंदी आहे, उठता येत नाही. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली.

मदत मागितल्याने त्यांचं धाडस कमी झालं नाही. शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा उभे राहिले, २०२२ च्या शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी २३६ दिवसांची सफर संपवून दुसरे आले.

आपल्या घरातले एकटे खलाशी

नोएडा-गुरुग्रामच्या भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारा भाचा, गावी एकट्या राहणाऱ्या आजी, यांच्या हातात फोन असतो. रोज बोलणंही होतं. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘सगळं ठीक?’ ‘हो, ठीक.’ पण नोकरी गेली आहे, पेपर वाईट गेला आहे, रात्र-रात्र झोप येत नाही, हे सांगितलं जात नाही. घरच्यांनी कौतुकाने सगळ्यांना सांगितलेलं असतं, मग मागे कसं फिरायचं?

घरच्यांना इथे बरंच काही करता येतं.

• ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘या आठवड्यात सगळ्यात अवघड काय गेलं?’ असं विचारा.

• ‘नाही जमलं तरी घरी ये’ हे वाक्य संकट येण्याआधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

• वाईट बातमी कळली तर आधी नीट ऐकून घ्या. हिशेब नंतरही होतो.

• एकटं राहत असाल तर झोप आणि जेवणाच्या वेळा सांभाळा. ज्याच्याशी खोटं बोलावं लागत नाही, असा एक तरी माणूस जवळ ठेवा.

मन फारच खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेला १४४१६ या क्रमांकावर २४ तासांत केव्हाही फोन करता येतो. तिथे मराठीतही बोलता येतं. आणि घरातलं कुणी बरेच दिवस फक्त ‘ठीक आहे’ एवढंच म्हणत असेल, तर आज त्याला फोन करून थोडा जास्त वेळ बोला.