पांढऱ्या केसांचा निवडुंग

शास्त्रीय नाव सेफॅलोसेरियस सेनिलिस. मूळ घर मेक्सिकोतले इदाल्गो आणि वेराक्रूझ. मेत्झ्तित्लानच्या दरीत चुनखडीच्या उतारांवर याचे सरळसोट खांब १० मीटरच्याही वर जातात. अंगभर लोंबणारे पांढरे केस म्हणजे काट्यांचेच रूप. ते प्रखर ऊन आणि थंडी अडवतात. त्याखाली खरे टोचणारे काटे दडलेले असतात, तेव्हा कुरवाळण्याचा मोह टाळावा. फुले रात्री उमलतात, परागीभवन वटवाघळे करतात. पण झाड काही मीटर उंच झाल्याशिवाय फूल नाही, म्हणून कुंडीत त्याची आशा धरू नये.

लागवड सोपी, पाणी सोडून. निम्म्याहून अधिक जाड वाळू-खडी आणि थोडे चुनखडीचे तुकडे असे मिश्रण घ्या. कुंडीला भोक हवेच. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावरच पाणी, थंडीत जवळपास बंद. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा: जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, हवेशीर जागी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. केस मळले तर मऊ ब्रश आणि सौम्य साबणाचे पाणी पुरे. रानातून उपटून विकल्यामुळे मूळ जागी ही जात धोक्यात आली आहे. रोप बियांपासून वाढवलेलेच घ्या.