लाकडावर चालणारी गाडी: रील फेक नाही, पण काकांना जरा थांबवा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना घेतलेले आचके-उचके काढून टाकलेत, बाकी तसंच आहे.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. सातारा जिल्ह्यातल्या एका श्रोत्याने पाठवलेली. त्याने एक रील बघितलं: जुनी गाडी, मागे आपल्या पाण्याच्या बंबासारखं धूड, एक माणूस त्यात लाकडाच्या ढलप्या ओततो आणि गाडी सुसाट. आता याच्या काकांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तसंच काहीतरी बनवून घ्यायचं ठरवलंय. आधी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला जोडायचं, जमलं तर जीपला. प्रश्न एवढाच होता, "दादा, हे फेक आहे का?"

फेक नाही. पण काकांना थोडं थांबवा, का ते सांगतो.

आधी एक प्रयोग. मेणबत्ती पेटवा, फुंकून विझवा, आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि मेणबत्ती परत पेटते. म्हणजे धूर हेच इंधन होतं. चुलीतही तेच चालतं. लाकूड तापलं की त्यातून वायू बाहेर पडतो, आणि आपल्याला दिसणारी ज्वाळा बरीचशी त्या वायूची असते. मग तो वायू चुलीत न जाळता नळीने इंजिनात नेला तर? वुड गॅसची आयडिया एवढीच.

अडचण धुरातल्या डांबराची. तापलेल्या लाकडातून चिकट, काळी वाफ निघते. ती तशीच इंजिनात गेली तर थंड होऊन व्हॉल्व्हवर बसते आणि व्हॉल्व्ह अडकतात. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी बीटेक मेकॅनिकल, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये (नेहमीची गोष्ट). शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने तेलाच्या जुन्या पिंपापासून गॅसिफायर बनवला होता. इंजिन अकरा मिनिटं चाललं. पुढचे दोन दिवस आम्ही रॉकेल घेऊन ते खरवडत बसलो.

यावरचा चांगला तोडगा १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या जॉर्ज इम्बर्ट या इंजिनिअरने आणला. त्याच्या भट्टीत धूर वर जात नाही, तो खाली ओढला जातो. मध्ये एक अरुंद गळा असतो आणि तिथे हजार अंशांच्या वर तापमान. डांबराची वाफ त्या गळ्यातून आणि खालच्या लालबुंद कोळशातून जाताना तुटून तिचे साधे वायू होतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांनाही तो कोळसा सोडत नाही, त्यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. मग राख काढायची, गॅस थंड करायचा, गाळायचा आणि इंजिनाला द्यायचा.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल लष्कराकडे गेलं तेव्हा युरोप यावर चालला. एकट्या जर्मनीत युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ५ लाख गाड्या होत्या. स्वीडन युद्धात नव्हता, पण बाहेरून तेल येईना, म्हणून तिथे ७० हजारांवर. आपल्याकडेही रेशनिंगच्या त्या काळात प्रवासी बसच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी असायची. घरात नव्वदीचं कुणी असेल तर विचारून बघा.

मग पेट्रोल परत आल्यावर हे सगळं गेलं कुठे? तर ड्रायव्हर वैतागले होते. सकाळी भट्टी पेटवा, पंखा लावून गॅस चांगला येईपर्यंत थांबा, वाटेत लाकूड भरा, राख काढा, फिल्टर धुवा. एवढं करून ताकद कमीच, कारण या गॅसमध्ये जवळपास अर्धा भाग हवेतला नायट्रोजन असतो, आणि तो जळत नाही. पेट्रोलच्या इंजिनाची ३० ते ५० टक्के ताकद जाते. खंबाटकी घाटात ते दिवस आठवतील!

आता हिशेब. एक लिटर पेट्रोलऐवजी साधारण ३ किलो सुकं लाकूड लागतं. पुणे ते कोल्हापूर १५ लिटर धरा, म्हणजे ४५ किलो. एका गाडीला ठीक आहे. पण रोज २० किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरलाही दिवसाला सव्वा-दीड किलो पडेल, आणि अशा १ लाख स्कूटर धरल्या तर वर्षाला ५० हजार टनांच्या आसपास. एवढं लाकूड आणायचं कुठून?

माझ्या मते गॅसिफायरची कल्पना चांगली आहे, चुकली ती चाकं. तेच सव्वा-दीड किलो लाकूड एका जागी बसवलेल्या गॅसिफायरमध्ये घाला, जनरेटर चालवा, साधारण १ युनिट वीज मिळते. त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर ३० किलोमीटरच्या आसपास जाते. शिवाय एका जागी असल्यावर भट्टी मोठी चालते, फिल्टर मोठा चालतो, आणि बघायला माणूस ठेवता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये कर्नाटकातल्या होसहळ्ळी गावाला अशीच लाकडाच्या गॅसवर वीज दिली होती. आणि त्या श्रोत्याला तर लांब जायलाही नको. त्याच्याच जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ५ एचपीचा डिझेल पंप वुड गॅसवर चालवून दाखवला. पुढे उसाच्या पाचटावरही तिथे काम झालं. (पाचट हलकं आणि विस्कटलेलं असतं, भट्टीत ते अडकून बसतं, ढलप्यांसारखं आपोआप खाली सरकत नाही. दिसतं तितकं सोपं नाही ते.)

म्हणजे काकांचा पंपाचा अर्धा प्लॅन बरोबर आहे. फक्त डिझेल पूर्ण बंद होणार नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, गॅस पेटवायला थोडं डिझेल लागतंच. चांगलं जमलं तर ७० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचतं.

आता थांबवा का म्हणालो ते. या गॅसमध्ये साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. खोलीतल्या हवेत १ टक्का झाला तरी काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की दमलोय. त्यात इंजिन बंद केलं तरी भट्टी लगेच थांबत नाही, कोळसा धगधगत असेपर्यंत गॅस येत राहतो. त्या व्हॉइस नोटमध्ये शेवटी एक वाक्य होतं, "काका म्हणतायत पावसाळ्यात गोठ्यात ठेवू." त्याच गोठ्यात रात्री गडी झोपतो.

त्याला मी त्याच रात्री फोन केला. गॅसिफायर उघड्यावरच, वर फक्त पत्रा, चारही बाजू मोकळ्या. जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे. भट्टी एकट्याने उघडायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो वेल्डिंगच्या आधी घ्यायचा. आणि जीपचं तूर्त विसरायचं. काका अजून वेल्डिंगवाल्याकडे गेलेले नाहीत, गेले की पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला कळवतो.