अरण्ये आणि माळराने

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नडजवळ, अजिंठ्याच्या डोंगररांगेत गौताळा नावाचे अरण्य आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरांच्या या वनास १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. श्रावणात तेथे गेलेला मनुष्य दाट हिरवाई पाहून सुखावतो. तोच चैत्रात पुन्हा गेला, तर सारे अरण्य वाळून गेले की काय, अशी शंका त्याच्या मनात येते. वस्तुतः झाडे जिवंतच असतात. सागाचे पान केवढे रुंद! त्यातून पाण्याची वाफ सतत निघून जाते. जमीन सुकू लागली, की हा खर्च झाडास परवडत नाही. म्हणून ते पाने टाकून देते आणि मृगाच्या सरींची वाट पाहते. अशा वनांना शुष्क पानझडी वने म्हणतात.

आता नकाशा उघडा. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ २० अंशांवर आहे. हेच अक्षवृत्त पश्चिमेकडे नेले, तर ते आफ्रिकेतील सहाराच्या वाळवंटातून जाते! मग येथे साग आणि तेथे वाळू, असे का? भेद पावसाचा आहे. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. सहाराच्या बहुतेक भागात १०० मिलिमीटरही पडत नाही. उलट महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो, म्हणून त्या परिसरात सदाहरित वने आढळतात.

दूर उत्तरेकडे मात्र पावसाहून थंडीची सत्ता मोठी. रशिया व कॅनडा या देशांत सुईसारख्या पानांचे सूचिपर्णी वृक्ष वाढतात. त्याही पलीकडे टुंड्रा प्रदेश आहे. तेथे जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असल्यामुळे उंच झाड मूळच धरू शकत नाही.

राहिले गवताळ प्रदेश. आफ्रिकेत सॅव्हाना, रशियात स्टेप, उत्तर अमेरिकेत प्रेअरी, आणि आपल्याकडे माळरान. बिचाऱ्या माळरानास लोक ‘पडीक जमीन’ म्हणतात व तेथे झाडे लावू पाहतात. हेतू चांगला, परंतु माळढोक पक्ष्यास मोकळा माळच हवा असतो. तो झाडावर घरटे बांधीत नाही; मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर जिल्ह्यात नान्नज परिसरात अभयारण्य स्थापन झाले. आज रानात राहणारे माळढोक साऱ्या भारतात मिळून दोनशेही उरलेले नाहीत.